संबंधानंतर रक्त दिसलं, तर आधी आत बघायचं

प्रश्न : माझं वय २९, दोन मुलं आहेत. गाव बीड जिल्ह्यात, आता चाकणला नाणेकरवाडीत खोली करून राहतो. मी वायरिंग हार्नेसच्या कंपनीत कंत्राटावर आहे, हे दुसऱ्या कंपनीत. दोन महिन्यांपासून संबंध आल्यावर थोडं रक्त जातं. पाळी वेळेवर येते, दुखत काही नाही. अंगावरून पांढरं जातं, पण ते बरंच आधीपासून आहे. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, फरक नाही. माझ्या मोठ्या जावेला असंच व्हायचं. पुढे कॅन्सर होईल म्हणून डॉक्टरांनी तिची पिशवी काढली, तेव्हा ती तिशीचीही नव्हती. ह्यांच्या मनात वेगळंच आलंय, की मला काहीतरी लागण झाली, ती कुठून झाली. मला एवढंच विचारायचंय, पाळी नसताना हे रक्त येतं तरी कुठून? आणि मलाही पिशवी काढावी लागेल का?

उत्तर : ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याच धास्तीनं तुमची झोप उडाली असणार. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून पिशवी काढण्याचा विषयच येत नाही. कुणी आत न बघता तो विषय काढला, तर तिथून उठून यायचं.

आता रक्ताचं. संबंधानंतर लगेच येणारं रक्त बहुतेक वेळा पिशवीच्या आतून येत नाही, पिशवीच्या तोंडावरून येतं. गर्भाशयाचा हा खालचा भाग योनीमार्गाच्या टोकाला उघडतो आणि संबंधाच्या वेळी त्याला धक्का लागतो. त्याची बाहेरची त्वचा अनेक थरांची आणि चिवट असते, आतल्या नळीचं अस्तर मात्र पेशींच्या एकाच थराचं असतं. ओठाची बाहेरची कातडी आणि आतली ओली बाजू यांच्यात जेवढा फरक, तेवढा या दोन्हींत समजा. काही बायकांमध्ये हे आतलं नाजूक अस्तर थोडं बाहेर येतं. तरुण वयात, गरोदरपणात, माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना असं होणं अगदी नेहमीचं आहे. तिथे धक्का लागला की रक्ताचे चार थेंब येतात. आपल्याकडे यालाच ‘पिशवीच्या तोंडाला जखम’ किंवा ‘छाले’ म्हणून सांगतात आणि बाई घरी येते ती घाबरूनच. खरं तर यातल्या बहुतेकींना काहीच उपचार लागत नाहीत. पॅप, म्हणजे तोंडावरच्या पेशींची तपासणी, चांगली आली आणि त्रास नसला, तर ते तसंच राहू द्यायचं.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे पिशवीच्या तोंडाची सूज. क्लॅमिडिया, गोनोरिया, ट्रायकोमोनास अशा जंतूंमुळे ती येते. तोंड लाल होतं, कापसाचा बोळा लावला तरी रक्त येतं. अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्याचा रंग पिवळट-हिरवट असेल, वास येत असेल, तर हे आधी मनात येतं. तिसरं कारण पॉलिप, म्हणजे तोंडातून लोंबणारा मांसाचा छोटा गोळा. तो बहुधा बाह्यरुग्ण विभागातच काढता येतो आणि तपासायला पाठवतात. तांबी बसवलेली असेल तर तिच्यामुळेही रक्त जाऊ शकतं. अंगावर पाजणाऱ्या आईला आणि पाळी गेलेल्या बाईला आत कोरडेपणा येतो, त्यानं त्वचा चिरते. घाईत किंवा जबरदस्तीनं आलेल्या संबंधातही जखम होते. तसं कुणाच्या बाबतीत घडलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईवर तातडीनं आणि मोफत उपचार करणं खासगी धरून प्रत्येक दवाखान्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइनही आहे. आणि पाळी येते त्या वयात गर्भ राहिलेला असण्याची शक्यता, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असलं तरी, आधी बघून घ्यायची असते. पाळी चुकली असेल तर लघवीची तपासणी सगळ्यांत पहिली.

कॅन्सरचंही स्पष्ट बोलू. तुमच्या वयात या रक्तामागे तो असण्याची शक्यता कमी आहे. पण संबंधानंतर रक्त जाणं हे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ओळखीचं, सुरुवातीचं लक्षण आहे आणि सुरुवातीला तो दुखत नाही. त्यामुळे ‘दुखत काही नाही’ यावर निर्धास्त राहू नका. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखावर बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार जणी त्यानं दगावतात. हा असा आजार आहे की तो व्हायच्या आधी बहुधा दहा-पंधरा वर्षं पेशींत बदल होत असतात आणि ते तपासणीत दिसू शकतात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम दोन टक्के जणींचीच ही तपासणी कधी तरी झालेली होती. मला या आकड्याचा फार राग येतो, कारण ही तपासणी स्वस्त आहे, काही मिनिटांची आहे आणि ती जीव वाचवते, हे आपल्याच मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला दाखवून दिलंय.

१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होती. ४९७ गावं, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गावांत या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, काही ठिकाणी पॅप, काही ठिकाणी व्हिनेगर लावून बघणं, आणि काही गावांत नेहमीचीच व्यवस्था. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरनं झालेले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. तुमच्या बीडच्या शेजारचा जिल्हा आहे हा.

आणि तुमच्या जावेचं जे झालं, तेही एकटीचं नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जातं, पाळीत जास्त जातं, ओटीपोट दुखतं, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी जणींना ‘पुढे कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं होतं. मुकादमाला खाडा नको आणि बाईला रोजचं दुखणं नको, या कात्रीत ऑपरेशन झालं. जंतुसंसर्गावर पिशवी काढणं हा उपचार नाही, बाहेर आलेल्या अस्तरावर तर नाहीच. उलट एखादीला खरोखर कॅन्सर असेल आणि पिशवीच्या तोंडाच्या तुकड्याची तपासणी न करता साधं पिशवीचं ऑपरेशन उरकलं, तर पुढचा नीट उपचार अवघड होऊन बसतो. म्हणून कुणीही पिशवी काढायला सांगितली तर तीन गोष्टी विचारा : पॅप किंवा एचपीव्हीचा रिपोर्ट कुठे आहे, तुकडा तपासला का, आणि दुसरा काय उपचार होऊ शकतो. ‘ताबडतोब ॲडमिट व्हा’ म्हणाले तरी कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचा हक्क तुमचा आहे.

मेडिकलच्या गोळ्या का लागू पडल्या नाहीत, तेही यातच आलं. दुकानदारानं अंदाज केला. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला होता. एकेकीला सरासरी साडेतीनहून थोडे जास्त आजार. पण त्याआधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त आठ टक्के. चाळीस वर्षं होत आली, चाकणला चौपदरी रस्ते आले, पण आत न बघता गोळ्या देणं सुटलेलं नाही.

तपासणी कशी होते ते सांगते, म्हणजे भीती निम्मी होईल. आधी लघवी करून यायचं. टेबलावर पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, अंगावर चादर असते, खोलीत नर्सबाई असतात. बाई डॉक्टर हव्या असतील तर तसं सांगता येतं. स्पेक्युलम हे चिमट्यासारखं साधन हळूच आत घालून उघडतात. ते गार लागतं, दाब जाणवतो. कंबर टेबलाला टेकवून तोंडानं लांब श्वास सोडला की स्नायू सैल पडतात आणि सहसा दुखत नाही. दुखलं तर ‘थांबा’ म्हणायचं. मग दिवा धरून पिशवीचं तोंड बघतात. पॅपसाठी छोट्या ब्रशनं तोंडावरच्या पेशी घेतात. व्हिनेगरची तपासणी, म्हणजे व्हीआयए, करायची असेल तर सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये भिजवलेला बोळा लावून एक मिनिट थांबतात. बदललेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा डाग उठतो. डाग उठला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. दुर्बिणीतून पुन्हा बघतात, लागला तर तुकडा घेतात, आणि कॅन्सरच्या आधीचा बदल असेल तर तेवढाच भाग गोठवून किंवा जाळून टाकता येतो. पिशवी जागच्या जागी राहते.

तपासणीच्या आधी दोन दिवस संबंध नको, आतून कसलं मलम किंवा धुणं नको. पाळी चालू नसताना जाणं चांगलं. पण रक्त जास्त जात असेल तर ‘थांबल्यावर जाऊ’ म्हणत बसू नका. जाताना एवढं सांगायची तयारी ठेवा : शेवटची पाळी कधी आली, रक्त कोणकोणत्या तारखांना गेलं, दोन पाळ्यांच्या मध्ये एरवीही जातं का, गोळ्या किंवा तांबी आहे का, आधी काय औषध घेतलं. कालनिर्णयवर खूण केलेली असेल तर उत्तमच.

आता तुमच्या ह्यांचं. हा भाग त्यांना वाचून दाखवा. बाहेर आलेलं अस्तर, पॉलिप, तांबी, कोरडेपणा यांचा कुणाच्या चालचलणुकीशी काडीचा संबंध नाही. संसर्ग निघालाच, तरी तो कधीचा आहे हे रक्तावरून कळत नाही. क्लॅमिडिया महिनोन्महिने, कधी वर्षभराहून जास्त, बाईत किंवा पुरुषात काही लक्षण न दाखवता राहतो. एचपीव्ही तर संबंध आलेल्या बहुतेक माणसांना कधी ना कधी होऊन जातो, बहुतेकांचा एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, आणि तो पुरुषाकडून बाईला येतो हे त्यांनाही माहीत असलेलं बरं. सरकारी दवाखान्यात पिशवीच्या तोंडाच्या सुजेसाठी औषधांचं राखाडी पाकीट मिळतं, अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिमचं. ते दोघांनीही घ्यायचं असतं. एकट्या बाईनं औषध घेतलं तर पुढच्या संबंधात लागण परत येते, आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून तिलाच बोल लागतो. औषध पूर्ण होऊन एक आठवडा होईपर्यंत संबंध टाळावेत.

कुठे जायचं? चाकणचं ग्रामीण रुग्णालय तुम्हाला जवळ आहे. पिंपरीत संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, ज्याला सगळे वायसीएम म्हणतात, तिथे स्त्रीरोग विभाग मोठा आहे. महापालिकेची भोसरी, आकुर्डी, थेरगाव इथलीही रुग्णालयं आहेत. तुमच्या पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात दिसत असेल तर मोहननगर, चिंचवडचं ईएसआय रुग्णालय तुमच्या हक्काचं आहे, कंत्राटी असलात तरी. खूप जणींचे पैसे दर महिन्याला कापले जातात आणि कार्डाचा नंबरही माहीत नसतो. ठेकेदाराकडून तो आजच मागून घ्या. खाडा पडायला नको असेल तर सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी जा. ज्यांना गुरुवारची सुट्टी असते त्यांना तर सोपंच आहे, सरकारी बाह्यरुग्ण विभाग त्या दिवशी चालू असतो.

दोन महिने होत आले, म्हणजे पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत जायला हवं. पण एका तासात पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, ताप आणि ओटीपोटात कळा असतील, किंवा पाळी चुकलेली असून एका बाजूला जोरात दुखत असेल, तर त्याच क्षणी, रात्रपाळीतून उठूनसुद्धा, १०८ बोलवा. चुकलेली पाळी आणि एका बाजूचं दुखणं म्हणजे गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, त्यात काही तासांत जीव जाऊ शकतो.

आणि जावेलाही सांगा. तिच्या ऑपरेशनचे कागद शोधून एकदा दाखवून घ्यायला हवेत. अंडाशयही काढलं असेल तर इतक्या कमी वयात हाडांची आणि हृदयाची काळजी घ्यावी लागते, हे तिला कुणी सांगितलं नसण्याचीच शक्यता जास्त.

प्रश्न : माझं लग्न ठरलंय. पहिल्या वेळी रक्त आलं नाही तर मुलीत काही दोष असतो का? (एक तरुण, पिंपरी)

उत्तर : नाही. योनीपटल हा लवचीक पडदा असतो, प्रत्येकीचा वेगळा. तो ताणला जातो, फाटलाच पाहिजे असं नाही, आणि पहिल्या वेळी अजिबात रक्त न येणाऱ्या मुली पुष्कळ असतात. रक्त आलं तरी ते घाईमुळे, कोरडेपणामुळे, भीतीनं आवळलेल्या स्नायूंमुळे आलेलं असू शकतं. पटल बघून संबंध आलेत की नाही हे जगातल्या कुणाही डॉक्टरला सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये अशा चाचण्या बंद करायला सांगितल्या. सेवाग्रामचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी पाठपुरावा केल्यावर २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून कौमार्याच्या खुणांचा भागच काढला. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बलात्कार पीडितेची ‘दोन बोटांची चाचणी’ करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायचं ठरवलं.

तुम्ही पिंपरीचे, म्हणून एक आठवण करून देते. जानेवारी २०१८ मध्ये तुमच्याच भाटनगरात, लग्नानंतरच्या कौमार्य परीक्षेला विरोध करणाऱ्या कंजारभाट समाजातल्या तरुणांना मारहाण झाली होती. ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ ही मोहीम त्या समाजातल्याच मुला-मुलींनी चालवली. त्यातले विवेक तमाइचिकर आणि ऐश्वर्या यांनी त्याच वर्षी ही परीक्षा नाकारून लग्न केलं. पुढे नवरात्रात ऐश्वर्याला दांडिया खेळू दिला नाही, तेव्हा सामाजिक बहिष्काराच्या कायद्याखाली तक्रार दाखल झाली. पांढऱ्या चादरीवरच्या डागावरून मुलीची किंमत ठरवणं चूक आहे, हे त्यांनी मार खाऊन सांगितलं आहे.

तुम्ही बायकोशी आधी बोला, घाई करू नका. कोरडं वाटलं तर पाण्याचं जेल वापरा. कंडोम असेल तर खोबरेल तेल नको, त्यानं रबर फाटतं. आणि पहिल्या वेळेनंतरही प्रत्येक वेळी रक्त येत राहिलं, किंवा थांबेनाच, तर तिला घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : आईचं वय ५८. पाळी जाऊन सात वर्षं झाली. बाबांबरोबरच्या संबंधानंतर तिला एकदा रक्त दिसलं, पण एकदाच, म्हणून ती दाखवायला तयार नाही. या वयात हे विषय काढायचीच तिला लाज वाटते. (निगडी)

उत्तर : तुमच्यापाशी बोलल्या, हीच मोठी गोष्ट. त्यांना सांगा, या वयात संबंध येणं चांगलं आणि नेहमीचं आहे, डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटत नाही. बहुधा कोरडेपणामुळेच त्वचा चिरली असेल. त्यावर इस्ट्रोजेनचं मलम असतं आणि ते चांगलं लागू पडतं. पण पाळी गेल्यानंतर दिसलेलं रक्त एकदाच दिसलं, थेंबभर दिसलं, तरी ते तपासावंच लागतं. अशा रक्तस्रावाच्या सुमारे नऊ-दहा टक्के बायकांमध्ये पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघतो आणि तो लवकर सापडला तर बहुतेक वेळा बरा होतो. योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात, जाड असेल तर त्याचा नमुना घेतात, जोडीला पिशवीचं तोंडही बघतात. दुसऱ्यांदा रक्त दिसायची वाट बघू नका. याच आठवड्यात घेऊन जा, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या पाकिटासह.